वाघमारे काकांच्या तीन शिट्ट्या

आमच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला तीन शिट्ट्या वाजतात, आणि त्या आम्ही सभासदच वाजवतो. निवृत्त वकील देशमुखसाहेब एका हाताने कवळी सांभाळतात आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं तोंडात घालतात. मला गेल्या आठ वर्षांत शिट्टी काही केल्या जमलेली नाही. मी शाळेत गणित शिकवते. तिथल्या पी.टी.च्या सरांकडून एक पत्र्याची शिट्टी मागून आणली आहे, ती पर्समध्ये चष्म्याच्या घरात ठेवते. समोर टेबलावर एक जुना टू-इन-वन असतो, त्यात एक कॅसेट फिरत असते, आणि कॅसेटवर काही जर्मन पोरं गिटार बडवत घसा फोडून ओरडत असतात. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्या ओरडण्यामागून तीन शिट्ट्या ऐकू येतात. तिथे आमच्याही शिट्ट्या गेल्या पाहिजेत, हा वाघमारे काकांचा दंडक.

एकदा मी विचारलं होतं, "काका, या शिट्ट्या कसल्या हो? कारखान्याचा भोंगा असेल का?"

"समजा तसंच," काका म्हणाले, आणि खिशातली पेन्सिल काढून कॅसेटची सैल झालेली फीत गुंडाळायला लागले. ही पेन्सिल त्यांच्या खिशात बारा महिने असते. तिला टोक नाही. ती लिहायची पेन्सिल नाहीच.

उत्तमराव वाघमारे, वय चौऱ्याहत्तर. रेल्वेच्या सिग्नल खात्यात सिकंदराबादला नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. वडील नांदेडकडून येऊन लालागुड्याच्या रेल्वे वर्कशॉपात खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागले होते. उंच, सडपातळ बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि अजूनही रेल्वेची खाकी पँट. माणूस एकदा ठरवलं की ठरवलं. सिग्नल लाल असला तर लाल, मग मागे कोणाची का गाडी असेना. कुणी फारच आग्रह करायला लागलं की ते शांतपणे म्हणतात, "हलायचं न्हाई." आणि कारण विचारलं तर, "रेकॉर्डात सांगितलंय."

जुनी माणसं जसं 'शास्त्रात सांगितलंय' म्हणतात, तसं हे 'रेकॉर्डात सांगितलंय'. त्यांच्या अपार्टमेंटमध्ये पाण्याचा टँकर आला की आधी वरच्या मजल्याला की खालच्या, यावर भांडण झालं, तर काका खाली येऊन रेकॉर्डात काय आहे ते सांगतात. लग्नाच्या पंगतीत पहिल्या रांगेत बसवलं तर उठून शेवटच्या रांगेत जातात. सुरुवातीला मला वाटायचं, रेकॉर्ड म्हणजे रेल्वेची एखादी फाइल असणार.

ती होती तबकडी. काका नोकरीला नवे लागले होते, तेव्हा रविवारी आबिड्सच्या फूटपाथवर जुनी पुस्तकं चाळायला जायचे. तिथे एका विक्रेत्याकडे ही तबकडी पडलेली. वरचं कव्हर नाही, मधला कागद खरवडलेला. "क्या है ये?" म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "अंग्रेजी कव्वाली है, ले जाओ." काकांनी घेतली. घरी स्वतः जोडलेल्या प्लेअरवर लावली. ना ती इंग्रजी होती, ना कव्वाली.

"एक अक्षर कळालं न्हाई," काका सांगतात. "पर आवाज वळखीचा होता. हे लोक मागायलेत, ताई. भीक न्हाई मागत, आपलं मागायलेत. वर्कशॉपच्या गेटवर आम्ही अस्साच आवाज काढायचो."

त्यांनी जर्मन शब्दकोश मिळवला आणि सिग्नलच्या केबिनमध्ये फावल्या वेळात एकेक शब्द कानाने पकडून शोधायला सुरुवात केली. तबकडीच्या एका बाजूला दोन वर्षं लागली. त्यातून कळलं ते असं, की कुठल्याशा शहरात काही होतकरू कामगार पोरांनी रिकामी पडलेली घरं ताब्यात घेतली, तिथेच राहिली, तिथेच गाणी केली, आणि कुठल्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःच रेकॉर्ड काढली. घर कुणाचं, कारखाना कुणाचा, आणि माणसाच्या डोक्यावर दुसऱ्या माणसाने का बसायचं, एवढेच त्यांचे प्रश्न. पण ते इतक्या जोरात विचारलेले की लालागुड्यात बसलेल्या एका पोराला वाटलं, हे मलाच विचारतायत. त्याच सुमाराला काकांचे वडील वारले होते आणि रेल्वेचं क्वार्टर सोडायची मुदत घरात सगळ्यांना पाठ झाली होती.

या अभ्यासाचा परिणाम असा की काकांचं जर्मन पक्कं आहे, पण त्याची सरहद्द रेकॉर्ड संपते तिथे संपते. घरमालक, पोलीस, संप, कारखाना, कुलूप तोडणं, हे सगळं त्यांना अस्खलित येतं. 'नमस्कार' येत नाही, कारण रेकॉर्डात कुणी कुणाला नमस्कार करत नाही.

नोकरीत असताना एकदा सिकंदराबाद स्टेशनवर त्यांना एक जर्मन बाई भेटली. पाठीवर भलंमोठं बोचकं, हातात तिकीट, फोनवर कुणाशी तरी जर्मनमध्ये रडकुंडीला येऊन बोलत होती. गाडी कुठल्या फलाटावर ते तिला कळत नव्हतं. काका पुढे झाले आणि आयुष्यात प्रथमच एका जर्मन माणसाशी जर्मन बोलले. पहिलं वाक्य होतं, हे घर आमचं आहे. बाई दोन पावलं मागे सरकली. तिला धीर यावा म्हणून काकांनी दुसरं वाक्य टाकलं, पोलीस आले तरी घाबरू नका. मग तिसरं, सगळे मिळून जेवू. बाईने बोचकं खाली ठेवलं आणि पोट धरून हसायला लागली. तिने एक ओळ म्हटली, काकांनी पुढची म्हटली. तिची आई तरुणपणी ही गाणी म्हणायची. तिकडे अजूनही कुणाला घराबाहेर काढलं की रस्त्यावर हीच गाणी म्हणतात, त्या रेकॉर्डनंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली पोरंसुद्धा. हे सगळं बोलणं अर्थात इंग्रजीत झालं, कारण काकांचं जर्मन तोवर संपलं होतं. गाडी मात्र त्यांनी तिची चुकू दिली नाही.

आठ वर्षांपूर्वी काका प्रथम आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी एकही पुस्तक मागितलं नाही. "टेप हाये का?" एवढंच विचारलं.

आमचं मराठी वाचनालय नारायणगुड्यातून हिमायतनगरकडे जाताना एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, मागे चहापुरतं स्वयंपाकघर, आणि कपाटात पुस्तकं, जी वाचणारी पिढी आता मोतीबिंदूच्या रांगेत आहे. मी तिथली कार्यवाह, म्हणजे दुसरी किल्ली माझ्याकडे असते. गणपतीतल्या गाण्याच्या स्पर्धेसाठी कधीकाळी घेतलेला टू-इन-वन कपाटावर होता. तो मी काढून दिला. तबकडी तोवर झिजून निकामी झाली होती, पण काकांनी तिच्यावरून फार पूर्वी कॅसेट करून ठेवली होती. ती त्यांनी लावली, हात बांधून ऐकली, आणि पुढच्या रविवारी परत आले. मग त्याच्या पुढच्याही. हळूहळू आम्हाला सवय झाली. सवयीचं काय, माणसाला कशाचीही होते.

सहा महिन्यांत त्यांनी अध्यक्षांची खुर्ची हलवली. खरोखरच हलवली, उचलून स्वयंपाकघरात नेली आणि तिच्यावर पाण्याचा माठ ठेवला. "डोक्यावर कुणी नको," काका म्हणाले. तेव्हाचे अध्यक्ष देशमुखसाहेबच होते. घराणं निजामाच्या काळापासून वकिलीतलं, त्यामुळे त्यांनी घटना मागवली, कलम काढलं, दीड तास बोलले. शेवटी असं ठरलं की सगळेच सभासद अध्यक्ष. आज आमच्या वाचनालयाला एकोणचाळीस अध्यक्ष आहेत आणि शिपाई एकही नाही. झाडू वारावारीने मारायचा, त्यात देशमुखसाहेबांचा वार गुरुवार. पहिल्या गुरुवारी त्यांनी झाडू उलटा धरला होता. मी कुणाला सांगितलं नाही, पण वाचनालयात तेव्हापासून धूळ कमी आहे हेही खरं.

आणि मग मागच्या वर्षी प्रवीण आला.

प्रवीण म्हणजे इमारतीचा तरुण मालक. त्याच्या आजोबांनी आमच्या लोकांना या खोल्या दिल्या होत्या. कागदबिगद काही नाही. 'बैठो, पढ़ो,' म्हणाले होते, तेवढाच करार. नातू तसा गुणी, मला आंटी म्हणतो, देशमुखसाहेबांच्या पाया पडतो. पाया पडून तो म्हणाला, "अंकल, मेरा भी तो सोचो. ऊपर का पूरा फ्लोर एक कोचिंगवाले को देना है. महीने के आखिरी इतवार को ताला लगाना पड़ता."

तो गेल्यावर आम्ही देशमुखसाहेबांकडे बघितलं. ते म्हणाले, "कायद्याने आपल्याकडे काहीही नाही." चाळीस वर्षांच्या वकिलीत एवढं छोटं वाक्य ते पहिल्यांदाच बोलले असावेत.

मग सगळ्यांनी वाघमारे काकांकडे बघितलं. काका पेन्सिलीने फीत गुंडाळत होते. "याच्यात विचारायचं काय?" ते म्हणाले. "बसायचं. हलायचं न्हाई. रेकॉर्डात सांगितलंय."

खरं सांगायचं तर मला तेव्हा त्यांचा राग आला. पुस्तकं तीन घरांत वाटून ठेवता आली असती. उगाच या वयात हात दाखवून अवलक्षण कशाला, असं मी बोललेही. काका म्हणाले, "ताई, पुस्तकं तुम्ही तीन घरांत ठेवाल. रविवार कुठं ठेवणार?" मीही एकटीच राहते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही आमच्याच वाचनालयाचा ताबा घेतला. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ, चार-चार जणांच्या पाळ्या. जर्मनीतल्या त्या पोरांना गुडघे नसणार, असा माझा तर्क आहे, कारण जमिनीवर बसलेल्यांना उठवायला दर तासाला दुसरी तुकडी लागायची. भिंतीवर पाळ्यांच्या तक्त्याशेजारी गोळ्यांचा तक्ता लागला, कुणाची बी.पी.ची किती वाजता, कुणाची साखरेची. रेकॉर्डात एकत्र जेवायला सांगितलंय म्हणून डबे मधोमध उघडायचे. देशमुखसाहेबांनी तोवर कधी कुणाच्या डब्यातलं खाल्लेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते वाघमारे काकांच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि ठेचा मागून घ्यायला लागले. काका स्वतः रांधतात. भाकरी बेताची असते, ठेचा जहाल.

शत्रूशी कसं वागायचं, हे मात्र आम्हाला शेवटपर्यंत जमलं नाही. प्रवीण रोज यायचा. तो आला की हैदराबादी माणसाचा हात आपोआप चहाच्या भांड्याकडे जातो. चहा घेतला की त्याच्या मुलीचे दात निघाले का, हे विचारणं आलं. निघत होते, त्यामुळे ताप होता, त्यावर आमच्यातल्या तीन आज्यांनी तीन उपाय सांगितले. जाताना तो दारात थांबून म्हणायचा, "अंकल, खाली करते ना?" आणि काका तितक्याच प्रेमाने म्हणायचे, "नक्को बेटा. हिलते नहीं."

पहिल्याच आठवड्यात काकांनी एका जुन्या चादरीवर लाल रंगाने भलीमोठी घोषणा रंगवली आणि सज्ज्यातून खाली सोडली. घोषणा जर्मनमध्ये होती.

"अहो, पण ही कुणाला कळणार?" देशमुखसाहेबांनी विचारलं.

"पोलिसांना कळू नये म्हणूनच तर," काका म्हणाले.

पोलिसांना कळली नाही, कारण पोलीस आलेच नाहीत. आली ती पोरं. आमचा भाग म्हणजे शिकवण्यांचा बाजार. चौकाचौकात मुलं कुठल्या ना कुठल्या परदेशाच्या तयारीला लागलेली. तिसऱ्या दिवशी नामपल्लीच्या एका नर्सिंग हॉस्टेलातल्या दोन मुली जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, "सर, जर्मन का बॅच कब से है?"

मी तोंड उघडणार इतक्यात काका म्हणाले, "अब्बीच. बैठो."

आठवडा व्हायच्या आत वाचनकक्षात पाय ठेवायला जागा उरली नाही. वीस-बावीस मुलं-मुली ओळीने बसून, घर आम्ही सोडणार नाही, हे वाक्य एका सुरात जर्मनमध्ये घोकायची. व्हिसाच्या मुलाखतीत याचा काय उपयोग होणार, ही शंका मी मनातच ठेवली. एका मुलीने विचारलं, "सर, पेट दुखता तो क्या बोलना? पेशंट बोलेगा ना." काकांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "वो रेकॉर्ड में नहीं है. सबका पेट भरना, ये है. ये लिखो." तिने लिहून घेतलं.

शेवटी मला दया आली आणि मी माझ्या भाचीला बोलावलं. अनुष्का खरं जर्मन शिकते, पुढच्या शिक्षणाला तिकडेच जायचंय. तिला मराठी वाचता येत नाही, बोलते तेही अर्धं, पण मुलगी कामाची. ती रोज संध्याकाळी येऊन पोरांना नमस्कार, पाणी, पोटदुखी असं शिकवायला लागली. काका शेवटच्या रांगेत बसून वहीत उतरवून घ्यायचे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना जर्मन नमस्कार आला तेव्हा त्यांनी तो आम्हा प्रत्येकाला करून दाखवला.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. सगळे जमले, झाडून सगळे. पोरंही होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी त्यांना इतकं ताठ बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. अकराला पाच मिनिटं असताना प्रवीण आला. हातात कुलूप होतं, पिशवीत लपवलेलं, पण त्याचा आकार लपत नव्हता. तो दारातच उभा राहिला.

"आत ये," मी म्हटलं. "गाणी झाली की बोलू."

आणि तेवढ्यात अनुष्काने तो घोळ घातला. चांगल्या मनाने घातला. पोरं म्हणत होती की कॅसेटवर शब्द कळत नाहीत, खरखर फार. तिने फोनवर त्याच गाण्यांची स्वच्छ प्रत शोधून काढली होती आणि सोबत एक छोटा स्पीकर आणला होता. "काका, आज ओरिजिनल ऐकू," ती म्हणाली. "एकदम क्लिअर आहे."

काका नको म्हणाले असते, पण पोरांनी टाळ्या वाजवल्या. काका कधी पोरांच्या डोक्यावर बसत नाहीत.

गाणी सुरू झाली. खरंच स्वच्छ होती. गिटारीची एकेक तार वेगळी कळत होती. तिसरं गाणं आलं. मध्य आला. आम्ही सगळ्यांनी नेहमीप्रमाणे श्वास भरून घेतला आणि तीन शिट्ट्या ठोकल्या.

स्पीकरमधून एकही आली नाही. गाणं आपलं सरळ पुढे निघून गेलं आणि आमच्या तीन शिट्ट्या खोलीत उघड्या पडल्या.

"हे चुकीचं आहे," देशमुखसाहेब म्हणाले. "यात फेरफार केलेला आहे. भोंगा काढून टाकलाय."

"नाही आजोबा, ओरिजिनलमध्ये व्हिसल नाहीचे," अनुष्का म्हणाली. "मी तीन वेळा ऐकलं ना. तुमच्या कॅसेटमध्येच आहे फक्त."

सगळे काकांकडे वळले. काकांनी हात पुढे करून फोन बंद करायची खूण केली. मग पेन्सिल काढली. फीत घट्टच होती, तरी ती फिरवत बसले.

"भोंगा न्हाई तो," ते म्हणाले. "कुकर हाये."

कुणी हसलं नाही.

"तबकडी झिजायली होती म्हणून कॅसेट केली. तारबीर कुठली तेव्हा, प्लेअरसमोर टेप ठेवायचा आणि दोन्ही बटणं दाबायची. मला मिळालेलं लालागुड्याचं क्वार्टर, एक खोली. पडद्याच्या आड गॅसची शेगडी. मी पंचफुलाला सांगितलं, अर्धा तास एक शब्द बोलायचा न्हाई. खोकायचं न्हाई. ती बोलली न्हाई. खोकली न्हाई. पर माझी ड्यूटी होती दुपारची, डबा करायचा होता, तिनं कुकर लावलेला. तो थोडाच माझं ऐकतो?"

पंचफुलाबाई म्हणजे काकांची बायको. ती जाऊन नऊ वर्षं झाली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. काकांनी तिचं नाव घेतलेलं आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"दोन दिवस मी तिच्याशी बोललो न्हाई," काका म्हणाले. "टेप खराब केली म्हणून. डबा भरून द्यायची, तो बी न बोलता उचलायचो. आणि वर येड्यासारखा तीच कॅसेट लावून ऐकायचो, की माणसानं माणसाच्या डोक्यावर बसू नये." त्यांनी पेन्सिल आणखी एकदा फिरवली. "सगळं रेकॉर्डात सांगितलं होतं, ताई. घरात मला ऐकू आलं न्हाई."

बाहेर रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या. देशमुखसाहेब कवळीवर हात ठेवून बसले होते. मला एकदम ती माठाखालची खुर्ची आठवली, आणि इतकी वर्षं आपण त्या गोष्टीला हसलो याची लाज वाटली.

"तिसरी शिट्टी झाली की ती उठायची, गॅस बंद करायला. टेपवर तिच्या बांगड्या वाजतात. तुम्ही कुणी ऐकलं न्हाई, तुमच्या शिट्ट्यांत ते बुडून जातं. घरी लावली की मला बांगड्या ऐकू येतात, आणि मी उठून स्वयंपाकघरात जातो. दर वेळी जातो. तिथं कोण असणार?" त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "इथं तुम्ही शिट्ट्या मारता. मग मला उठावं लागत न्हाई. म्हणून इथं लावतो."

अनुष्का रडत होती. "सॉरी काका," ती म्हणाली. "लावू ना कॅसेट? आम्ही एकदम शांत बसतो. बांगड्या ऐकू."

"नक्को," काका म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा सिग्नलवाल्याचा झाला होता. "कॅसेट लावा. शिट्टी मारा. हलायचं न्हाई."

मी टू-इन-वनचं बटण दाबलं. खरखर सुरू झाली आणि इतकं बरं वाटलं. तिसरं गाणं आलं. मी चष्म्याच्या घरातून शिट्टी काढली, देशमुखसाहेबांनी बोटं घातली, नर्सिंगच्या मुलींनी ओठ आवळले. पहिली गेली, दुसरी गेली. तिसऱ्या शिट्टीला दाराकडून अशी एक शिट्टी आली की माझ्या कानात दडे बसले. प्रवीण होता. काचेगुड्याच्या थिएटरात पहिल्या रांगेत बसून शिकलेली असणार, आम्हा सगळ्यांपेक्षा जोरात. त्याचा एक हात तोंडात होता आणि दुसऱ्या हातातली पिशवी त्याने पाठीमागे नेली होती.

गाणी संपल्यावर मी चहा ठेवला. तो प्यायला, डोळे पुसले, आणि जाताना काकांच्या पाया पडून म्हणाला, "अगले महीने देखते, अंकल."

याला आता सात महिने झाले. तो दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी न चुकता येतो, शिट्टी मारतो आणि 'अगले महीने देखते' म्हणून जातो. एक दिवस तो खरंच देखणार आणि कुलूप लावणार, हे आम्हालाही माहीत आहे. पाळ्यांचा तक्ता आम्ही भिंतीवरून काढलेला नाही. चादरीवरची घोषणा पावसाने फिकी झाली तेव्हा अनुष्काने तिच्यावर पुन्हा रंग दिला, आणि काकांनी खाली ती मराठीत लिहायला लावली. तिची अक्षरं वाकडी आली, पण वाचता येतात.

आणखी एक बदल झाला आहे, तो मी केला. कुलपाच्या त्या रविवारच्या पुढच्याच रविवारी मी घरून माझा जुना कुकर नेला आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीवर सगळ्यांसाठी भात लावला. गणिताची शिक्षिका असल्यामुळे मी वेळेचा हिशेब करून लावला होता, की कॅसेटवरची आणि माझी शिट्टी एकाच वेळी व्हावी. अर्थातच तसं झालं नाही. माझा कुकर दुसऱ्या गाण्यातच बोलायला लागला. पहिली शिट्टी झाली तशी सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, कशाला नसता उद्योग केला. दुसरी झाली. मी बंद करायला उठले.

"बसा, ताई," काका म्हणाले.

तिसरी झाली. काका उठले, सावकाश आत गेले. गॅसची चावी फिरवल्याचा आवाज आला. कॅसेट आपली चालू होती. देशमुखसाहेबांनी माझ्या हातावर थोपटलं.

आतून काकांची हाक आली. "ताई, भात झालाय. किती जण हाओत आपण?"

मी उभी राहून मोजलं.

"सतरा," मी म्हटलं.